खालून येते ती थंडी

अगं धाकले, तंबूचा फोटो पाहिला. निळा रंग छान आहे. पाव्हण्यांनी हौसेनं घेतलाय, मी कशाला नाक मुरडू? पण खाली तू लिहिलंयस ना, "ताई, चार जणांचा आहे, आपल्याला पुरेल," ते वाचून हसू आलं. तंबूच्या पिशवीवर चार जण लिहिलं असलं की दोन मोठी माणसं, एक लेकरू आणि एक पिशवी, एवढाच हिशेब धरायचा. चार मावत नाहीत असं नाही. काडेपेटीतल्या काड्यांसारखे मावतात. एकाला कूस बदलायची तर चौघांनी एकदम बदलायची. तुम्हाला सहाचा हवा होता. दुकानदार बदलून देत असेल तर बघ, नाहीतर थोरल्याला आणि त्याच्या बापाला गाडीच्या सीटा पाडून तिथे झोपव. दोघांनाही ते जास्तच आवडेल.

फोनवर तू "हो ताई, हो ताई" करतेस आणि मध्येच कुकरची शिट्टी होते, म्हणून हे लिहायला बसले. नाताळच्या सुट्टीत सुरतेहून शिंदखेड्याला येऊन दुसऱ्या दिवशी तोरणमाळला जायचं म्हणता, तर मी जे ठेचा खाऊन शिकले ते तुला आयतं देते.

तुम्ही याला कॅम्पिंग म्हणता. आपली आजी मुक्काम म्हणायची. मुडावदला, तापी-पांझरेच्या संगमावर कपिलेश्वराच्या यात्रेला ती बैलगाडीनं जायची, तेव्हा गाडीत काय नसायचं? तवा, परात, पाटा नाही पण वरवंटा, दोन गोधड्या माणशी, कंदील, गोवऱ्यांचं पोतं, पाण्याची छागल. ओझं बैल ओढायचे, मग तिनं कंजुषी का करावी? आता तुम्ही मोबाइलवर बघता ती माणसं पाठीवर बिऱ्हाड घेऊन डोंगर चढतात. त्यांना दात घासायच्या ब्रशाचाही दांडा तोडून वजन कमी करावं लागतं. ते बघून तुम्ही पिसासारखी हलकी उशी, घडीचा चमचा, बोटभर टॉवेल असलं काय काय मागवत सुटता. अगं, तुझ्याकडे डिकी आहे! घरची उशी घे. घरचा पंचा घे. स्टीलचं ताट घे. विकत घ्यायचंच असेल तर एक चांगला तंबू आणि प्रत्येकाच्या कपाळावर बांधायची बॅटरी, एवढ्यावर थांब. दोन्ही हात मोकळे राहतात आणि "टॉर्च कुठे ठेवली" यावरून होणारी भांडणं वाचतात.

आता अंथरुणाचं नीट ऐक, सगळा खेळ तिथेच आहे.

आम्ही पहिल्यांदा तोरणमाळला गेलो तेव्हा तुझ्या दाजींनी हवेची गादी आणली होती. पायपंपानं फुगवली, पोरांनी त्यावर उड्या मारून घेतल्या, आणि मी मनात म्हटलं, चला, घरच्यासारखी झोप. वर दोन जाड ब्लँकेटं. रात्री एक वाजता मला जाग आली ती पाठ गारठून. वरून घाम यावा इतकं पांघरूण आणि खालून बर्फाच्या लादीवर झोपल्यासारखं. मी तिसरं ब्लँकेट घेतलं, काही फरक नाही. पहाटेपर्यंत गाडीचा हीटर लावून बसले आणि नशिबाला बोल लावला. नंतर कळलं की फुगवलेल्या गादीतली हवा स्वतःच गार होते, आत फिरत राहते, आणि अंगातली ऊब जमिनीला नेऊन देते. आपण वर पांघरूण वाढवतो, आणि थंडी येते खालून.

म्हणून खाली जास्त, वर कमी. आधी ताडपत्री, तिच्यावर तंबू, तंबूच्या आत ती रबरी फोमची चटई (योगासनाची चालेल, दोन एकमेकींवर घाल), तिच्यावर सतरंजी, मग गादी, आणि गादीवर एक गोधडी अंथर. पांघरायला दुसरी. हवेची गादी आणायचीच असेल तर तिच्यावर गोधडीची दुहेरी घडी टाकल्याशिवाय पाठ टेकू नको. कापसाची गादी थेट तंबूच्या तळावर टाकू नको, जमिनीचा ओलावा पिते आणि सकाळी उचलायला दोन माणसं लागतात. ताडपत्रीच्या कडा तंबूच्या बाहेर दिसता कामा नयेत, आत दुमडून घे. बाहेर राहिल्या तर वरून ओघळणारं पाणी झेलून तेच पाणी तुमच्या पोटाखाली आणून सोडतात. अवकाळीचा काही भरवसा नाही, डिसेंबरातही येतो.

तुला वाटेल, सुरतेची माणसं आम्ही, एवढी काय थंडी. थंडीची लाट आली की धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात पारा ५-६ अंशांवर आल्याची बातमी येते, ती तू इथे असताना वाचलीच आहेस. ती झाली सपाटीवरची. तोरणमाळ ११०० मीटरच्या वर आहे, आणि हजार मीटर वर गेलं की हवा साधारण सहा-साडेसहा अंशांनी गार होते. त्याच सातपुड्यात तिकडे डाबला दवाचे थेंब गोठल्याच्या बातम्या येतात. तेव्हा लोकरीची टोपी आणि पायमोजे पाहिजेतच. झोपायच्या आधी दिवसभराचे कपडे बदल, अगदी आतले सुद्धा. दिवसा चालून आलेला घाम अंगातच सुकू दिला तर रात्री तोच गार पडतो. एक युक्ती सांगते: स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भर, झाकण घट्ट लाव, पायमोज्यात घाल आणि अंथरुणात पायाशी ठेव. पोरं भांडतील तिच्यासाठी. दोन बाटल्या कर.

आणि तंबूची वरची जाळी उघडी ठेव. थंडी वाजते म्हणून सगळ्या चेनी ओढून घेतल्या की चार जणांच्या श्वासाची वाफ आतल्या कापडावर जमते आणि पहाटे नाकावर टपटपते. आमच्याकडे दाजी ओरडत उठले होते, तंबू गळतोय म्हणून. बाहेर चांदणं स्वच्छ पडलेलं!

एका बाबतीत मात्र मी तुझी मोठी बहीण म्हणून दटावून सांगते. शेगडी, निखाऱ्याचं घमेलं, गॅस, काही म्हणजे काही तंबूच्या आत घ्यायचं नाही. "विझत आलेत निखारे, पाच मिनिटं ठेवू" असंही नाही. निखाऱ्यांतून निघणाऱ्या विषारी वायूला ना वास ना रंग, माणूस झोपेतच जातो. बंद गाडीत इंजिन चालू ठेवून झोपायचं नाही, हेही त्याच कारणानं. मी पहाटेपर्यंत हीटर लावून बसले म्हटलं ना, तो शहाणपणा नव्हता. जागी होते आणि काच खाली होती म्हणून बरं.

जागा निवडणं मी शिकले ठेलारी लोकांकडून. आपल्या तालुक्यात पावसाळा सरला की ते मेंढ्या घेऊन उतरतात, शेतकरी लेंडीखतासाठी त्यांना रानात बसवतात, तुला आठवत असेल. घोड्यावर संसार लादून येतात आणि पाल कुठे टाकायचं ते उतरण्याआधीच ठरलेलं असतं. आमच्या मळ्याशेजारी एकदा आम्ही सराव म्हणून तंबू ठोकला, तर त्यांच्यातली एक म्हातारी येऊन उभी राहिली. आधी म्हणाली, "तुमले घर नही शे का?" मग हसली आणि आमचा तंबू होता तिथून हलवायला लावला. आम्ही खोलगट जागा धरली होती, आडोसा म्हणून. तिचं म्हणणं, गारठा पाण्यासारखा उताराला वाहतो आणि खड्ड्यात साचतो. थोडी उंचवट्याची, मागे झाडी किंवा बांध असलेली जागा धर. उतार थोडा असेलच, डोकं वरच्या बाजूला ठेव. बाभळीपासून लांब, काटा गादीला आणि टायरला सारखाच प्रेमानं भेटतो. वारूळ दिसलं तर दुसरीकडे बघ. नदीच्या कोरड्या वाळूत तर मुळीच नको, मग ती बुराई असो की पांझरा. वाळू मऊ असते, मोह होतो, पण वर कुठे पाऊस झाला किंवा धरणाचं दार उघडलं तर नदी तुम्हाला विचारून येत नाही.

गाडी वाऱ्याच्या बाजूला आडवी लाव, फुकटची भिंत मिळते. लावताना तोंड रस्त्याकडे. रात्री कोणाला ताप आला, पोट दुखलं, तर अंधारात गाडी वळवत बसायला नको. किल्ली एकाच जागी, तंबूच्या आतल्या कडीला.

काळ्या मातीवर मी एक वेगळा निबंध लिहू शकते, पण आवरते. कोरडी असली की भेगाळते आणि भेगेत खुंटी लोण्यात सुरी जावी तशी जाते, तशीच बाहेर येते. ओली झाली की बुटाला एकेक किलो चिकटते. आमची गाडी एकदा मळ्यात रुतली ती ट्रॅक्टरनंच निघाली, आणि ट्रॅक्टरवाला महिनाभर चौकात ती गोष्ट सांगत होता. वर तोरणमाळला उलटं. तिथे खडक आणि मुरूम. तंबूबरोबर येणाऱ्या केसाच्या पिनांसारख्या खुंट्या पहिल्या ठोक्याला वाकतात. मी आपल्या लोहाराकडून वीतभर लांबीच्या बारा लोखंडी खुंट्या करून घेतल्यात, डोक्याला कडी असलेल्या. तुमच्यासाठी त्याच काढून ठेवते, घणासकट. ठोकताना तिरप्या ठोकायच्या, टोक तंबूकडे आणि डोकं बाहेर झुकलेलं, मग दोरीला कितीही ताण आला तरी उपटत नाहीत.

तंबू आधी घरी एकदा लावून बघा. सुरतेत जागा नसेल तर इथे आल्यावर आपल्या घराच्या धाब्यावर लावू. नाहीतरी उन्हाळाभर धाब्यावर आभाळाखाली झोपून वाढलेल्या आपण, आपल्याला कॅम्पिंग काय शिकवायचं! पण तंबूच्या काठ्या कोणत्या बाहीत जातात हे पहिल्यांदा अंधारात, वाऱ्यात, भुकेल्या पोरांसमोर शोधलं तर नवरा-बायकोत जे बोलणं होतं ते डोंगर ऐकतो. म्हणूनच चारच्या आत पोचायचं. डिसेंबरात सहाच्या सुमाराला अंधार पडतो, आणि सातपुड्यात तो घाईनं पडतो. डिकी भरताना तंबू सगळ्यात शेवटी भर, म्हणजे सगळ्यात आधी निघेल. हे साधं वाटतं, पण आम्ही पहिल्या वेळी तंबू काढायला आधी गहू, भांडी, गाद्या सगळं रस्त्याकडेला मांडलं होतं. बाजार भरल्यासारखं दिसत होतं.

आता जवळ ये, हे हळूच सांगते. पाव्हण्यांना वाचून दाखवायचं नाही.

तू विचारलं नाहीस, पण तुझ्या मनात हेच पहिलं असणार: रात्री जायचं कुठे? मलाही तीच धास्ती होती. पहिल्या वेळी मी दुपारपासून पाणी प्यायचं बंद केलं, तर डोकं दुखून दिवस वाया गेला आणि घरी आल्यावर लघवीला जळजळ झाली ती वेगळी. ते करू नको. सोय कर. आजीच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आणलेली ती कमोडची खुर्ची माळ्यावर आहे ना, मी ती नेते. खाली झाकणाची बादली, बादलीत जाड पिशवी, शेजारी डब्यात चुलीची राख. वापरलं की मूठभर राख टाकायची, वास येत नाही. आडोशाला एक जुनी पाचवारी साडी. एक टोक डिकीच्या उघड्या दाराला, दुसरं झाडाला, मध्ये दोन बांबू. साडी गडद रंगाची घे, आणि बॅटरी आत घेऊन बसू नको, बाहेर जमिनीवर ठेव. माझी फिकट पिवळी होती आणि दिवा आत. समोर बसलेल्या मंडळींना बाहुल्यांचा खेळ फुकट दिसला म्हणे. धाकट्या जावेनं ते मला तीन महिन्यांनी सांगितलं!

खुर्ची नसेल तेव्हा वीतभर खोल खड्डा, पाण्यापासून साठ-सत्तर पावलं तरी लांब, आणि मातीनं पूर्ण बुजवायचा. पाळीची तारीख आली असली तरी ट्रिप रद्द करू नको. दोन पँटी, पाण्याची वेगळी बाटली, आणि वापरलेली पॅडं कागदात गुंडाळून चेनच्या पिशवीत घरी परत आणायची. पुरू नको, कुत्री-कोल्ही उकरतात. रात्री उठावं लागलं तर एकटी जाऊ नको, निर्लज्जपणे पाव्हण्यांना उठव. बूट घालण्याआधी उलटा करून झटक, विंचवाला उबेची जागा आवडते. आणि तंबूची चेन आत-बाहेर करताना दर वेळी पूर्ण लाव, पोरांना हे तीनदा सांग.

जेवणाचं म्हणशील तर पहिल्या रात्री चूल नको. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, कांदा. दुधात भिजवलेली दशमी दोन दिवस मऊ राहते, म्हणून तर प्रवासाला तीच. दुसऱ्या दिवशी वरण-बट्टी. गव्हाचं जाडसर पीठ, थोडं मक्याचं, ओवा, हळद, मीठ घरूनच मिसळून पिशवीत. तिथे फक्त तेल-पाणी घालून मळायचं. गोवऱ्यांचा लाल इंगळ झाला की गोळे ठेवायचे, वरून गरम राख लोटायची, बट्ट्या फुटल्या की झटकून तुपात बुडवायच्या. सोबत तिथेच भाजलेल्या वांग्याचं भरीत. लाकूड तोडायचा प्रश्न येत नाही. जळण आपलं आपण न्यायचं, जंगलातलं ओढायचं नाही. चहासाठी पाच किलोचा छोटा सिलिंडर आहे. पाण्याचे वीस लिटरचे दोन जार नेऊ, चौघांना दोन दिवस पिण्या-रांधण्याला पुरतात, भांडी आधी राखेनं घास. उरलेलं अन्न रात्री तंबूत ठेवायचं नाही, बंद डब्यात, गाडीत. सातपुड्यात बिबट्या आहे, अस्वल आहे. त्यांना बट्टीचं कौतुक वाटायला नको.

रस्ता तुला ठाऊक आहे, दोंडाईचा, सारंगखेड्याच्या पुलावरून तापी ओलांडून शहादा. वाटेत दत्तजयंतीची यात्रा लागली असेल तर पोरांना घोडे दाखव, तासभर थांबू. घोडेवाल्यांची पालं नीट बघ, वाऱ्याकडे पाठ करून कशी लावलेली असतात. शहाद्यात पेट्रोल, रोख पैसे आणि औषधं घेऊनच पुढे निघायचं, तिथून पन्नासेक किलोमीटर आहे आणि म्हसावद, राणीपूर सोडलं की घाट सुरू होतो. वर मोबाइलच्या रेंजचा भरवसा धरू नको. कुठे थांबणार, कधी परतणार हे घरी माईकडे कागदावर लिहून ठेवू. अडचणीला ११२ आणि रुग्णवाहिकेला १०८, हे पोरांनाही पाठ असू दे.

तंबू कुठेही ठोकता येत नाही, हे पाव्हण्यांना पटवणं तुझ्याकडे. जंगल वनखात्याचं आहे, त्यांना विचारायचं. यावल किंवा अनेर धरणासारख्या अभयारण्यात तर परवान्याशिवाय शिरायचंही नाही, मग रात्र काढणं आणि विस्तव पेटवणं दूरच. मी आपलं यशवंत तलावाकडच्या वस्तीतल्या एका पावरा कुटुंबाच्या अंगणाशेजारची जागा धरते. मागच्या वेळी तिथेच होतो. पैसे आधी ठरवून देते, त्यात घासाघीस नको. त्यांच्या घरातली माणसं जवळ असली की मलाही झोप लागते, आणि सकाळी त्यांच्याकडची गरम भाकरी मिळते. सीताखाईवर सूर्य बुडताना बघायला ये, पण पोरांचा हात धर, कडा सरळ तुटलेला आहे.

तिथून निघताना प्लास्टिकचा एक कागदही मागे राहता कामा नये. आणि तंबू ओला असेल तर तसाच गुंडाळून आणला तरी चालेल, पण घरी आल्या आल्या धाब्यावर पसरायचा. आमचा पहिला तंबू मी आठ दिवस पिशवीत विसरले, बुरशीनं गेला. दाजी अजून टोमणे मारतात.

गोवऱ्यांचं अर्धं पोतं, खुंट्या, खुर्ची, गडद जांभळी साडी, चार गोधड्या मी काढून ठेवल्यात. तू येताना पोरांच्या टोप्या, दोन फोमच्या चटया आणि सुरतेची घारी आण. ती हवेची गादी घरीच राहू दे. नाहीतर आणच, धाब्यावर दुपारी पोरांना उड्या मारायला होईल.